तिखट मॅडम

सरकारी रुग्णालयाच्या फाटकाशी उभे असलेले रिक्षावाले पेशंट उतरवायच्या आधी एकमेकांना विचारायचे, "आज कोण हाय रं? साधे सर का तिखट मॅडम?" साधे सर म्हणजे डॉक्टर गौरीशंकर. नवा होता, मऊ बोलायचा, कुणालाच दुखवायचा नाही. तिखट मॅडम म्हणजे डॉक्टर महानंदा.

महानंदा माकणी गावची. तिचे वडील रेवणप्पा कापडाचं दुकान चालवायचे. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि पोरीचा राग दोन्हीत. डॉक्टर झाल्यावर शांत होईल असं रेवणप्पांना वाटलं होतं. झालं उलटंच. तालुक्याच्या या रुग्णालयात कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, बसल्यापासून रागाला रोज नवं कारण मिळायला लागलं. छातीत कळ येणारा माणूस रात्रभर सोडा पीत बसतो, सकाळी ओठ निळे पडल्यावर येतो. साप चावलेल्याला आधी देवळात नेतात, मग इथं आणतात. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून कुणाचा तरी काढा पिणारा बेशुद्ध होऊन येतो आणि त्याची बायको सांगते, "कालपरवापर्यंत ठणठणीत हुते वो." महानंदा तोंडाने झोडपायची, पण हात एक क्षण थांबायचे नाहीत. सुई, सलाईन, ईसीजीची पट्टी, सगळं चालूच. तिच्याविरुद्ध वर तक्रारी जायच्या. पोटात खरंच दुखायला लागलं की तक्रार करणारेसुद्धा तिलाच विचारत यायचे.

ती दुपार सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांतली. एक मोटरसायकल थेट पायरीपर्यंत आली. पुढं लिंबाजी, मागं त्याची आई गजराबाई, आणि दोघांच्या मधे मान टाकलेली लिंबाजीची बायको अयोध्या. पडू नये म्हणून सासूने तिला पदराने पोराच्या पाठीशी बांधलं होतं.

"रानात चक्कर येऊन पडली," लिंबाजी म्हणाला. "काल बी दुखत हुतं पोटात. इथंच दाखवलं. सर म्हनले पित्त हाय, गोळ्या दिल्या."

"लई नाजूक हाय," गजराबाई म्हणाली. "काढनी आली की हिचं दुखनं येतंयच."

महानंदाने अयोध्याची खालची पापणी ओढून पाहिली. खडूसारखी पांढरी. नाडी पाखरासारखी फडफडत होती, हात गार, कपाळाला घाम. पोटाला हात लावला तर ते फळीसारखं कडक. अयोध्याने ओठ चावला.

"अजून कुठं दुखतंय?"

"खांदा," अयोध्या कशीबशी म्हणाली. "आडवं झालं की खांदा लई दुखतोय बाई."

महानंदाचा हात थबकला. पोट आणि खांदा एकदम. पोटात रक्त साचून वर छातीच्या पडद्याला लागलं की खांद्यात कळ जाते. वयातली बाई, पांढरीफटक, बीपी जेमतेम सत्तर.

"पाळी कधी आली होती?"

उत्तर सासूने दिलं. "तसलं काय न्हाय वो. दोन लेकरं झाल्यावर आप्रेशन झालंय तिचं."

"मी तिला विचारलं, मावशी."

"चुकली हाय," अयोध्या डोळे मिटून म्हणाली. "दीड म्हैना झाला."

सिस्टरने नळीने लघवी काढली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. महानंदाने दोन्ही हातांना जाड सुया लावायला सांगितल्या, रक्तगटासाठी नमुना काढला, एकशे आठची रुग्णवाहिका बोलावली आणि धाराशिवच्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं, "नळीतला गर्भ फुटलाय. पोटात रक्त आहे. टेबल तयार ठेवा, रक्त तयार ठेवा. मी घेऊन निघतेय." इथल्या रुग्णालयात ऑपरेशनची खोली होती, भूल देणारा नव्हता. सोनोग्राफीचं यंत्र होतं, ते चालवणारा आठवड्यातून एकदा यायचा. त्या बंद दारांवर महानंदाने एकदा नजर टाकली आणि कानडीत काहीतरी पुटपुटली. सिस्टरला कानडी येत नव्हती, तरी ती समजली.

मग तिने दोघांना सांगितलं. "हिला दिवस गेलेत. गर्भ पिशवीत न राहता नळीत वाढला, नळी फुटली. आत्ता ऑपरेशन झालं नाही तर ती वाचणार नाही."

गजराबाई लगेच बोलली. "आप्रेशन झालेल्या बाईला दिवस जातेत व्हय?"

"जातात. क्वचित जातात, पण जातात. बांधलेली नळी कधी कधी आतून परत जुळते. आणि मग गर्भ असा अडकायची भीती जास्तच. यात तिचा काही दोष नाही."

"तुमी डाक्टर लोक एकमेकाला सांभाळून घेनारच." गजराबाई पोराकडे वळली. "आधी तिला इचार, कुनाचं हाय."

आणि लिंबाजी खरंच पुढं सरकला. खाटेच्या कडेला हात टेकवून त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. "अयोध्या..."

अयोध्याने सगळं ऐकलं होतं. तिला श्वास पुरत नव्हता. जो होता तो तिने गोळा केला आणि म्हणाली, "म्या कुठं बी गेले न्हाय. लेकरांची शपथ."

पोटात रक्ताचं तळं झालेली बाई आपला उरलासुरला जीव असल्या उत्तरासाठी खर्चत होती.

"हात काढ खाटेवरचा!" महानंदा ओरडली तसे बाहेरच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले. "बायको मरायला टेकलीय तुझी, आणि तू झडती घेतोस? रानात ती कुणाबरोबर राबते? रात्री कुणाच्या घरात निजते? आणि मावशी, तुम्ही बाईच ना? मघाशी तिच्या दुखण्याला काढणीचं निमित्त म्हणालात, आता हे. बाहेर व्हा दोघंही!"

"सही कोन करनार पन?" गजराबाई दारातून म्हणाली. "आमी न्हाय करनार."

"तुमची मागितलीय कुणी? ती शुद्धीवर आहे, तीच करेल." अयोध्याने आडव्या पडल्या पडल्या वाकडीतिकडी अक्षरं काढली.

कॅज्युअल्टी गौरीशंकरवर टाकून महानंदा गाडीत चढली. रस्त्याने तुळजापूरला अनवाणी निघालेल्या लोकांच्या झुंडी चालल्या होत्या. भोंगा ऐकून ते भराभर कडेला सरायचे, काही जण गाडीकडे बघून हात जोडायचे. महानंदा सलाईनची पिशवी मुठीत पिळून धरून बसली होती. "डोळे मिटू नकोस. लेकरांची नावं सांग." "समर्थ..." "आणि?" "मोनिका." "परत सांग." धाराशिव येईपर्यंत तिने ती नावं वदवून घेतली.

अयोध्या वाचली. सर्जनने फुटलेली नळी काढली, पोटातलं रक्त उपसलं, पिशव्यांमागून पिशव्या चढवल्या. अंधार पडता पडता लिंबाजी मोटरसायकलवर एकटाच आला. "रक्त लागत असंल तर माझं घ्या," म्हणाला. महानंदाने त्याला रक्तपेढीचं दार दाखवलं.

दुसऱ्या दिवशी गौरीशंकरला तिने गाठलं. "पोट दुखणारी वयातली बाई. लघवी का तपासली नाहीस?"

"ऑपरेशन झालंय म्हणाल्या, मॅडम."

"तरी तपासायची असते, हे माहीत नव्हतं तुला?"

"माहीत होतं." तो खाली बघून म्हणाला. "बाहेर रांग लई होती."

त्याने थाप मारली असती तर तिला सोपं गेलं असतं. त्या रांगेत ती स्वतःही रोज बुडत होती. "रांग मलाही असते," एवढंच म्हणून ती गेली, आणि दिवसभर प्रत्येकावर खेकसत राहिली.

टाके काढल्यावर अयोध्या वस्तीवरच्या सासरी न जाता ईटला, माहेरी गेली. आठवड्याने गजराबाई रुग्णालयात आली. कॅज्युअल्टीच्या दाराशी उभं राहून महानंदाला म्हणाली,

"बाई, वस्तीवर येऊन दोन शब्द सांगा की. लोकं काय बी बोलायलेत."

"वस्तीवरच्या लोकांना कळलं कसं? वस्तीवरचे तिथं तर तुम्ही दोघंच होतात."

गजराबाईने पदर तोंडाला लावला.

"मी येणार नाही, मावशी. ज्या तोंडाने पसरवलंत त्याच तोंडाने सांगा. दारोदार सांगा. आणि वस्तीच्या आधी ईटला जाऊन तिला सांगा."

गजराबाई ईटला गेली, असं पुढं लिंबाजीकडून कळलं. ईटच्या उंबऱ्यात बसून सुनेला म्हणाली, "चुकलं माझं." अयोध्याने पाणी दिलं, चहा दिला. आत बोलावलं नाही. "लेकरांना हिकडं पाठवा," म्हणाली. "म्या कधी यायचं ते म्या ठरवनार." लिंबाजी दर आठवड्याला लेकरांना भेटायला ईटला जातो आणि संध्याकाळी एकटाच परत येतो.

गौरीशंकर आता पोट दुखणाऱ्या प्रत्येक बाईची लघवी तपासतो, रांग कितीही असो. भूल देणारा अजून मिळालेला नाही. त्यासाठी केलेला महानंदाचा अर्ज वर पडून आहे. ती दर सोमवारी वरच्या साहेबांना फोन करून भांडायची. साहेबांनी फोन घेणं बंद केलं, तेव्हा ती समोर जाऊन उभी राहायला लागली.

तिच्या नवऱ्याने, शिवकुमारने, एकदा जेवताना विचारलं, "बाई तर वाचली. आता तरी राग गेला का?"

"न्हाय," महानंदा म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला.