पास्त्याचा डबा: लोणी काळभोर ते हिंजवडी, व्हाया ट्युनिशिया

लोक बॅग भरून लडाखला जातात. मी एक कापडी पिशवी घेऊन मंडईला गेलो आणि दुसऱ्या दिवशी हिंजवडीला. दोन दिवसांत आफ्रिकेचं वरचं टोक बघून आलो म्हणा ना, नाकानं का होईना.

चूक माझीच होती. स्वातीताईला हिंजवडीत नोकरी लागून तीन आठवडे झाले होते. टीममध्ये गुरुवारी सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणायचं ठरलं. ताईचा मेल घरच्या कॉम्प्युटरवर उघडा राहिला आणि माझा हात वळवळला. ती बिचारी पोहे नेणार होती. मी तिच्या नावापुढे टाइप केलं, ‘ट्युनिशियन मसाला पास्ता’, आणि पाठवून दिलं. नाव कुठून सुचलं ते मलाही माहीत नाही. तो देश शाळेत नकाशात बघितला होता, एवढंच.

तासाभरात तिच्या साहेबांचं उत्तर आलं. ते ट्युनिशियात दोन वर्षं प्रोजेक्टवर होते, आणि परत आल्यापासून त्या चवीसाठी आसुसले होते.

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “अजून कायम झाले नाहीये मी तिथे. थाप मारणारी म्हणून ओळख व्हायला नको. आता तूच करायचं.”

म्हणून बुधवारी सकाळी निघालो. लोणीहून हडपसर, हडपसरहून स्वारगेट, पुढे मंडईपर्यंत पायी. तुम्ही जाणार असाल तर दहाच्या आत पोचा, नंतर बसमध्ये उभं राहायलाही वशिला लागतो. नेटवरच्या रेसिपीचा कागद खिशात होता. धने, जिरे, शहाजिरे, दालचिनी, सुंठ, जायफळ, सुक्या लाल मिरच्या. वाचत होतो आणि डोकं खाजवत होतो, की अरे, हा तर आमच्या डब्यातलाच माल! परदेश कुठे आहे यात?

मंडईमागे एका मसाल्याच्या दुकानात पांढऱ्या दाढीचे चाचा बसले होते. कागदावरचं शेवटचं सामान मागितलं, सुक्या गुलाबाच्या पाकळ्या.

“लग्न आहे का पूजा?” चाचांनी विचारलं.

“पास्ता.”

त्यांनी मला चष्म्यावरून नीट बघितलं. “मग दहाच ग्रॅम न्या. वाया गेल्या तर वाईट वाटणार नाही.”

मग मात्र त्यांनाच उत्सुकता लागली. कागद मागून घेतला, वाचला, प्रत्येक डब्याचं झाकण उघडून मला वास दिला. मी विचारलं, सामान सारखंच आहे तर चव वेगळी कशी? ते म्हणाले, “आपल्याकडे मिरची बोलते आणि बाकीचे ऐकतात. हे लोक दालचिनीला बोलू देतात.” एवढं तर मला शाळेत कुणी कधी समजावलं नव्हतं. मसाले सव्वाशे रुपयांत आटोपले. पास्त्याची दोन पाकिटं घेतली, ती त्याहून महाग पडली.

गुरुवारी सकाळी चूल माझ्या ताब्यात. मसाला कोरडाच भाजला तर शेजारच्या काकू खिडकीतून विचारून गेल्या, की आज बिर्याणी का? मिरच्या भिजवून लसूण, शहाजिरे आणि तेलासोबत वाटल्या. टोमॅटो शिजवले, वाटण घातलं, मग दालचिनीला बोलू दिलं.

कागदावर मिठात मुरवलेलं लिंबू होतं. आमच्या फडताळात आईची खारातल्या लिंबाची बरणी आहे, पाच वर्षं जुनी, लिंबं काळी पडलेली. पोट बिघडलं की एक फोड चोखायची, असा नियम. मी चार फोडी चिरून घातल्या. पास्ता उकळताना पाण्यात मीठ होतंच. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात आईनं जाता जाता सवयीनं आणखी मूठभर टाकलं, हे मला नंतर कळलं.

आणि त्या दिवशी होती संकष्टी. आईचा उपास, ताईचा उपास. चाखणारा घरात मी एकटा.

चाखलं. वास जन्नत, चव खारट ढुस्स. म्हटलं, “आई, लय खारट झालंय.”

आई हसली. “दिवाळीला साखरेच्या डब्यात मीठ कुनी भरलं व्हतं? पाव्हन्यांच्या च्याचं काय झालं, ते इसरले न्हाई मी.”

ताई म्हणाली, मला घाबरवायचा हा आणखी एक चाळा. शपथ घेतली तर दोघी आणखीनच हसल्या. मिठाच्या बाबतीत आमच्या घरात माझी साक्ष चालत नाही.

वाद घालण्यात वेळ घालवला नाही. ताई केस विंचरत होती तेवढ्यात दुसरं पाकीट बिनमिठाच्या पाण्यात उकळलं आणि वेगळ्या डब्यात भरलं.

दुसरा डबा घेऊन मलाही जायचं होतं आणि कंपनीच्या बसमध्ये बाहेरच्यांना घेत नाहीत, म्हणून बाईक. डबा ताईच्या मांडीवर टॉवेलात बांधलेला. हडपसर, मग गावातून, विद्यापीठ, औंध, वाकड. वाकडनंतर रस्ता नाही, पार्किंगच आहे, फक्त मधूनमधून पुढे सरकतं. पावणेदोन तास धरून चाला. सगळ्या सिग्नलला आजूबाजूचे लोक वास घेत होते.

गेटवर मी शेवटचं सांगितलं, “ताई, खरंच खारट आहे. माझं ऐकू नकोस, या काकांना विचार.”

ती थांबली. मग सिक्युरिटीच्या काकांपुढे झाकणात चमचाभर पास्ता धरला. “काका, जरा चाखता? माझा उपास आहे.”

काकांनी शांतपणे चावलं. “चव चांगली आहे. सोबत पाण्याचा टँकर पाठवा.”

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी पिशवीतून दुसरा डबा काढला.

“आधी का नाही बोललास?”

“बोललो होतो.”

तिनं दुसऱ्या डब्याचं झाकण उघडलं. गेटजवळच्या कट्ट्यावर बसून दोन्ही डबे मिसळले. काकांनी पुन्हा चाखलं आणि म्हणाले, “आता जा.”

संध्याकाळी ताई रिकामे डबे घेऊन आली. नाव कुणी टाइप केलं होतं, ते तिनं टीमला आधीच सांगून टाकलं होतं. साहेबांनी दोनदा वाढून घेतलं. म्हणे, तिकडची चव अशी नसते, पण तिथल्या एखाद्या गल्लीतून गेल्यासारखं वाटलं. लिंबाबद्दल खास विचारलं. ताईनं पोटदुखीचं औषध आहे असं सांगितल्यावर थोडा वेळ चमचा थांबला होता.

गुलाबाच्या अर्ध्या पाकळ्या अजून उरल्या आहेत. चहात टाकून बघितल्या, नका टाकू.

दुसऱ्या दिवशी आई आमटी करत होती. मी पाणी प्यायला आत गेलो तर तिनं पळी माझ्यापुढे धरली. “मीठ बघ रं.”

चाखलं. अगदी बरोबर होतं. एक क्षण जीभ वळवळली.

“बरोबर हाय,” मी म्हणालो.

तिनं स्वतः न चाखताच झाकण ठेवलं आणि गॅस बंद केला.