औषधाच्या खोक्यातलं इंग्रजी

मी आज नर्स आहे तो मंगलाक्कांमुळे. उचगावच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. अजूनही औषधाचं खोकं उघडताना आतल्या पातळ, घडीच्या माहितीपत्रकाचा वास आला, की तो दिवस आठवतो.

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेतलं इंग्रजी मला जमेना. म्हणून अक्का तीच पत्रकं पेशंटांसमोर मोठ्यानं वाचायला लावायच्या.

एकदा इंजेक्शनला आलेले काका हसले, "बाप्या माणूस नर्स हुतोय व्हय? उद्यापासनं फौंड्रीत चल!"

मी पत्रकाची घडी घालायला लागलो.

"सुई बघून डोळं तुमी मिटलाय, आन् हसताय ह्याला? वाच रं!" अक्का गरजल्या.

मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. तेव्हा कान तापले होते. आज वाटतं, खरी परीक्षा तीच होती.

पुढे अक्कांना पत्र लिहिलं : "प्रवेश मिळाला. वर्गात मुलगा मी एकटाच आहे. पहिल्या रांगेत बसतो."