वळणावरची खुर्ची

निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही. जन्मभर मैदानावर पोरांना पळवलेल्या या बाईला सोसायटीत सगळे शिट्टीबाईच म्हणत. दारावरची बेल वाजली की ती आतून शिट्टीनं उत्तर द्यायची. नवरा गेल्यापासून चौथ्या मजल्यावर ती आणि तिच्या सासूबाई, दोघीच. स्वयंपाकघरात कुकर लावला की सासूबाईंचा गोंधळ उडायचा.

"यातली कुकरची कुठली आणि तुझी कुठली, ते एकदा ठरव. बटाटे रोज कच्चे राहतात."

इमारतीला लिफ्ट नव्हती आणि सासूबाईंच्या गुडघ्यांत दम नव्हता. तरी रोज संध्याकाळी त्या खाली बाकावर मैत्रिणींत जाऊन बसत. त्याचं सगळं श्रेय दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शिट्टीबाईनं ठेवलेल्या लाकडी खुर्चीला. जाता-येता तिथं टेकायचं, जिन्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करायची, मग पुढं निघायचं.

एके सकाळी ती खुर्ची त्यांच्याच दारात उभी होती. पाठीला कागद चिकटवलेला: सामाईक जागेत कोणतीही खाजगी वस्तू ठेवू नये.

सेक्रेटरी शिट्टीबाईचाच जुना विद्यार्थी. केस पांढरे झाले तरी तिच्यासमोर हात मागे बांधून उभा राहायचा.

"बाई, कमिटीनं ठरवलंय. अध्यक्ष म्हणतात, जिना म्हणजे दवाखान्याची रांग वाटते."

"त्यांना काय जातंय? तळमजल्यावर राहतात. आणि नवा नियम करायला सर्वसाधारण सभा लागते. पंचानं आपल्या मनानं रेषा सरकवायच्या नसतात, शिकवलं होतं ना?"

"मग सभा बोलावतो, बाई."

"बोलाव. आणि पोट आत."

त्यानं पोट आत घेतलं. पण वळता वळता म्हणाला, "फक्त एक आहे. फ्लॅट आजींच्या नावावर. सभासद त्या. बोलायचं त्यांनी, मत द्यायचं त्यांनी. तुम्ही नुसतं ऐकायला या. सभा खाली पार्किंगमध्ये."

आतून सासूबाईंचा आवाज आला. "म्हणजे खुर्चीबद्दल बोलायला खाली जायचं, आणि खाली जायला खुर्ची नाही. बरं जमवलंय."

सभेच्या दिवशी शिट्टीबाईनं खुर्ची काखोटीला मारली. सासूबाई काठी टेकत पुढं, ती मागं. प्रत्येक वळणावर खुर्ची खाली, सासूबाई वर. दुसऱ्या मजल्यापर्यंत वरात आली आणि सासूबाईंनी बैठक मारली ती मारलीच. खालून सेक्रेटरी धावत आला.

"बाई, खुर्ची ठेवायची नाही म्हणून तर सभा आहे."

"ठेवली कुठं? खाली चालली आहे. वाटेत थांबे घेतेय."

"आजी, नियमानं ही ठेवलेलीच धरतात."

"कोण रे ठेवलेली?" सासूबाईंनी काठी उचलली. "लग्न करून आलेय मी या घरात."

सेक्रेटरीचे कान लाल झाले. "तसं नाही हो. खाली चला ना. एक सभासद कमी पडतोय, तुम्ही आलात की कोरम पूर्ण होईल."

"गुडघे भरलेत. तुमचा कोरमच वर घेऊन या."

खाली बरीच कुजबुज झाली. सभा बारगळली तर पुन्हा सगळ्यांना गोळा करा, या विचारानंच सेक्रेटरीला घाम फुटला होता. शेवटी सर्वांच्या संमतीनं जागा बदलली आणि मंडळी चढू लागली. सर्वांत शेवटी अध्यक्ष. आयुष्यात त्यांनी हा जिना फक्त खालून पाहिला होता. पहिल्या मजल्यावर त्यांनी कठडा धरला, पुढं कठड्यानंच त्यांना धरलं. वळणावर पोचले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"नाकातून श्वास," शिट्टीबाई म्हणाली. "आत. धरा. सोडा."

सासूबाईंनी त्यांच्याकडं एकवार पाहिलं आणि काठीवर भार टाकून उठल्या. "बसा."

अध्यक्ष बसले. सेक्रेटरीनं घसा साफ केला. "विषय पहिला. दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची हटवणे. बाजूनं कोण आहे?"

सगळे खुर्चीकडं बघू लागले. अध्यक्षांचा हात हळूच वर गेला.

"हे मत धरू?" सेक्रेटरीनं विचारलं.

"पाणी," अध्यक्ष म्हणाले.

"विरोधात?"

आधी काठी वर गेली. मग जिना चढून आलेल्यांचे हात, एकेक करत. शेवटी खुर्चीतूनही एक वर आला, त्यात पाण्याचा पेला होता.

खुर्ची राहिली. सेक्रेटरीनं, कुणी पुन्हा खाजगी म्हणू नये म्हणून, तिच्या पाठीवर रंगानं 'सोसायटीची मालमत्ता' असं लिहून टाकलं, आणि तिथंच घोळ झाला. आता ती सगळ्यांची झाली. अध्यक्षांना तर बायकोनं रोज जिना चढायला लावलं. ते दुसऱ्या मजल्यापर्यंत येत आणि तिथंच पेपर उघडत.

एका संध्याकाळी सासूबाई उतरल्या, तर खुर्चीत अध्यक्ष. पेपराआडून आवाज आला, "आजी, मालकी हक्क आमचाही आहे बरं."

"आहे ना. मी कुठं नाही म्हणतेय?" सासूबाईंनी मान मागं वळवली. "वाजव गं."

शिट्टीबाईनं शिट्टी ओठांना लावली. ती वाजायच्या आत अध्यक्ष उभे होते, पोट आत घेऊन.