लाल काठाचे चोवीस पत्ते

खेळून पाहायला बोलावलेली पाचवी मुलगी पटावरून उठली तेव्हा मी घड्याळ पाहिलं. दोन तास झाले होते आणि गडाचं दार अजून बंदच होतं.

"बाई, किल्ल्या येऊनच नाही राहिल्या," ती म्हणाली. "नुसते राक्षस. राजकन्या आहे तरी का आत?"

सत्तरच्या दशकात मी महाल भागातल्या एका प्रिंटिंग प्रेसमध्ये एडिटर होते. प्रेसचा मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा. मुलांचे पटावरचे खेळ हा माझा छोटा विभाग. तुम्ही ज्याला एक्स्पान्शन म्हणता, त्याला आम्ही पुरवणी म्हणायचो. जुन्याच खेळात घालायचे नवे पत्ते. आमच्या गडाच्या खेळात छत्तीस पत्ते, त्यांत सहा किल्ल्या. तीन मिळाल्या की दार उघडे. प्रत्येक पत्त्यावर गोष्टीची एक ओळ होती. मुली ती वाचून पुढचं स्वतःच रचत. खेळ सोपा वाटू लागला, म्हणून मी चोवीस राक्षस लिहिले. मला ते फार आवडले होते.

चूक साध्या गणिताची होती. पूर्वी सहा पत्त्यांमागे एक किल्ली, आता दहांमागे एक. खेळ कठीण झालाच नव्हता, नुसता लांबला होता. आणि एवढ्या राक्षसांत राजकन्येची गोष्ट कुणाच्या लक्षात राहीना.

पत्ते छापून झाले होते, दिवाळीची सुट्टी जवळ आली होती. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. शनिवारपर्यंत जमलं नाही तर पत्ते रद्दीत आणि मी लग्नपत्रिकांच्या टेबलावर, एवढंच म्हणाले.

आमचे बाइंडर मारोतराव कोष्टी घरातले, हातमाग सोडून प्रेसमध्ये आलेले. कटिंग मशीनपाशी उभं राहून ते खेळ पाहत होते.

"मॅडम, काठाचं सूत कोणी लुगड्याच्या अंगात मिसळते का?"

"नाही."

"मंग हे काहून मिसळलं? राक्षसायले वेगळी जागा द्या. ज्याले जायचं तो जाईन."

पटाच्या कोपऱ्यात एक जंगल होतंच, नुसतं शोभेचं. राक्षसांचा गठ्ठा मी तिथे ठेवला. जंगलात शिरून राक्षसाला हरवलं, तर जुन्या गठ्ठ्यातले दोन पत्ते एकदम उचलायचे. एवढा एकच नियम लिहिला. पण सगळ्या पत्त्यांची पाठ सारखीच होती. खेळ संपला की ते पुन्हा मिसळणार. मारोतरावांनी चोवीस-चोवीसचे गठ्ठे शिकंज्यात आवळले आणि कडांवर लाल शाई फिरवली. कुठेही मिसळले तरी आता डोळ्यांनी वेचता येत होते.

शनिवारी तीच मुलगी आली. दोन किल्ल्या मिळाल्यावर तिला आणखी एकच हवी होती, वाट सरळ होती. ती जंगलात वळली.

"तिकडे काहून जाते वं?" मैत्रिणीने विचारलं.

"तशीच पोचली तर राजकन्येले सांगू काय मी?"

पाऊण तासात दार उघडलं. मालकांनी एका गठ्ठ्याच्या लाल कडेवरून बोट फिरवलं आणि डबे भरायला सांगितले. कल्पना कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं.

तेव्हापासून मी नवी भर जुन्यात ढवळत नाही, शेजारी ठेवते. आणि नियम लिहून झाले की आधी बाइंडिंगमध्ये दाखवायचे, ही सवय रिटायर होईपर्यंत सोडली नाही.