फार्मास्युटिकलमधला ‘स्यू’

मंडळी, आज माझं डोकं फिरलंय.

मी बोईसरला इंग्रजी बोलण्याचा क्लास घेते. दांडी गावच्या वैशालीची आज एका औषध कंपनीत मुलाखत होती. आठ दिवस मी तिच्याकडून एक शब्द घोकून घेतला: फार-मा-स्यू-टि-कल. पाच तुकडे, जोर ‘स्यू’वर.

दुपारी ती थेट क्लासवर आली. “मॅडम, तुमी शिकवलं तसंच बोलले, तर सायेब हसले. म्हणाले, असं नसतं, ‘फार्मासिटिकल’ म्हण.”

“मग तू काय केलंस?”

“काय करनार? त्यांच्यासारखंच म्हटलं. नोकरी लागली!” तिने पेढा पुढे केला.

पेढा खाल्ला, पण राग काही गिळवत नाही. संध्याकाळच्या बॅचला आता काय शिकवू? बरोबर उच्चार, की साहेबांचा?