लंबगोल पिशव्यांचा शोध

काचेच्या सुरीने काप काढायची ती, म्हणून अख्खी प्रयोगशाळा तिला सुरीताई म्हणायची. काप भाजीचे नव्हेत हो, समुद्री अर्चिनच्या अंड्यांचे! अर्चिन म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा काटेरी चेंडू. त्याच्या अंड्याच्या कडेला स्रावाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. एक शुक्रजंतू आत शिरला की त्या फुटतात आणि बाकीच्यांना दार बंद. प्रत्येक पिशवीत पातळ थरांची गुंडाळी. ती दिसावी म्हणून सुरीताई अठ्ठावीस वर्षं राळेत घट्ट केलेल्या अंड्यांचे काप काढत होती. इतके पातळ, की जवळ कुणी शिंकलं तर सकाळ वाया.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना त्या गोल पिशव्यांचा कंटाळा आला होता. गोल गोष्टीवर लिहायचं तरी काय? आणि एके दिवशी पिशव्या लंबगोल दिसल्या! सगळ्या एकाच दिशेला, आतली गुंडाळीसुद्धा चपटी. सर हरखले. अंड्याच्या आत म्हणे एक अज्ञात ताण असतो, हा सिद्धांत दुपारच्या चहाआधी तयार. लेख छापून आला. चार नावांत शेवटचं सुरीताईचं, आयुष्यात पहिल्यांदाच. नवऱ्याने मीटर बघायला आलेल्या माणसालाही ते वाचून दाखवलं.

पुढच्या महिन्यात क्लोरोफॉर्मची बाटली आली. अर्ज करून जेमतेम पाच महिने झाले होते, खरेदी विभागाने कमालच केली! सुरीच्या दाबाने काप चेपतो. त्यावर क्लोरोफॉर्मची वाफ धरली की पुन्हा पसरतो. आधीची बाटली संपल्यापासून सुरीताईने वाफ दिलीच नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. आता त्याच अंड्याचा काप काढून वाफ दिली, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पाहिलं. पिशव्या गोल. गुंडाळ्याही.

आठ दिवस तिने लेखातलं ते नाव जिवापाड जपलं. नवव्या दिवशी सरांच्या दारात उभी राहिली.

"सर, ताण अंड्यात नव्हता. माझ्या सुरीचा होता. मी वाफ दिली नव्हती."

"कुणाला बोललात?"

"अजून नाही."

"मग गप्प बसा ना, ताई! कोण जातंय बघायला?"

"वाफ देणारा कुणीही बघेल, सर. आपलं हसं होईल."

हसं म्हटल्यावर सरांचा प्रामाणिकपणा खडबडून जागा झाला. लेख मागे घेतल्याची सूचना छापून आली. कारण: काप घेणाऱ्या तंत्रज्ञाचा निष्काळजीपणा. पुढे तिचं संपूर्ण नाव. ज्यांनी सिद्धांत मांडला त्या तिघांचा पत्ताच नाही.

सुरीताईने सूचना दोनदा वाचली. रडू आलं, संताप तर त्याहून जास्त. पण नाकारावा असा शब्द त्यात एकही नव्हता, हेच जास्त लागलं.

तेवढ्यात सरांनी दारातून डोकं आत घातलं. "ताई, झालं गेलं विसरा. परिषदेसाठी नवीन काप द्या. काहीतरी वेगळं दिसायला हवं हं!"

"देते की," ती म्हणाली. "वाफ देऊन हवेत, की न देता?"

सरांनी आत येऊन आधी दार लावून घेतलं.