हरणांना काय कळत होतं

ऑरिन झॅस्ट्रोचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. कारखान्यात होता तेव्हाही साडेतीनला आणि निवृत्त झाल्यावरही साडेतीनलाच. त्याने घड्याळाला गजर लावलेला मी कधी पाहिला नाही. पूर्वी तो त्या वेळेला कागदाच्या मशीनकडे निघायचा. आता सप्टेंबर ते डिसेंबर झाडाकडे निघतो, एवढाच फरक.

त्याच्याबरोबर मी चौतीस वर्षं काम केलं. विस्कॉन्सिन नदीच्या काठचा कारखाना, चार नंबरचं मशीन. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायला शंभरावर पावलं लागायची. ऑरिन ओल्या टोकाला, जिथे लगदा जाळीवर पडतो. मी सुक्या टोकाला, जिथे तयार कागद रिळावर चढतो. मशीन सुरू असताना शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी उपयोग नसे. आम्ही हातांनी बोलायचो. कानात घालायची बोंडं दिलेली होती. ती खिशात राहायची.

ऑरिन बेअरिंगवर तळवा ठेवून सांगायचा, हे आठवडाभर चालेल, ते उद्या जाईल. मशीनचा वेग जरा ढळला तर वेगमापकाचा काटा हलायच्या आधी त्याला कळायचं. फोरमनचा यावर विश्वास नव्हता, पण तो ऑरिनने हात वर केला की काट्याकडे बघायचा.

असा माणूस धनुष्य घेऊन झाडावर बसला तर कसा बसेल, ते सांगतो.

आदल्या संध्याकाळपासून कॉफी बंद. पहाटे बेकिंग सोड्याने आंघोळ, केसांपासून नखांपर्यंत. साबण नाही. न्याहारी म्हणजे थंड ओटचा लगदा, कारण तळणाचा वास कपड्यांत बसतो. हंगामाआधी एकदा धुतले की शिकारीचे कपडे घरात येतच नसत. गॅरेजमध्ये झाकणाचा मोठा डबा होता, त्यात ओकची पानं आणि जंगलातली माती. कपडे त्यात. तो उघड्या गॅरेजमध्ये, शून्याखालच्या थंडीत, ते अंगावर चढवायचा.

"लग्नाच्या दिवशीसुद्धा हा एवढा घासून निघाला नव्हता," मर्लिस म्हणायची. मर्लिस त्याची बायको.

"तू वाऱ्याच्या दिशेने उभी नव्हतीस," ऑरिन म्हणायचा.

जंगल एका दूधवाल्या शेतकऱ्याचं होतं. ऑरिन ओढ्याच्या पाण्यातून चालत जायचा, म्हणजे पायवाटेवर वास राहत नाही. त्याचं झाड म्हणजे तीन खोडांचा ओक. वीस फुटांवर मचाण. ते त्याने अशा बेचक्यात बांधलं होतं की पाठीमागे दोन खोडं यायची आणि आभाळाच्या उजेडात माणसाचा आकार उठून दिसायचा नाही. वर चढला की आधी कमरेचा पट्टा खोडाला, मग दोरीने धनुष्य वर. मग खिशातून रुईच्या म्हातारीसारखा एक तंतू काढायचा आणि सोडून द्यायचा. तो जिकडे तरंगत जाईल तिकडे आपला वास जाणार. तंतू हरणांच्या वाटेकडे गेला तर ऑरिन त्याच पावली खाली उतरायचा. तासभराची तयारी वाया. कुरकुर नाही.

आणि मग न हलणं. हे काम बाकी सगळ्यापेक्षा जड आहे. मी दोनदा करून पाहिलं आणि सोडून दिलं. ऑरिनचा नियम असा की हरणाचं डोकं खोडाआड गेलं तरच हात हलवायचा. हरणाने मान खाली घातली तर कान बघायचे. कान आपल्याकडे वळलेले असतील तर ते अजून ऐकतंय, खात नाही. नाक खाजलं तर खाजू द्यायचं. एकदा एक मादी त्याच्या पायांखाली येऊन बसली आणि दोन तास झोपली. एकदा एक चिमुकला पक्षी त्याच्या बाणावर येऊन बसला होता. ऑरिनने हे मला सांगितलं तेव्हा तो पक्ष्याबद्दल बोलत होता, हरणाबद्दल नाही.

वीस वर्षांत एकही हिवाळा असा गेला नाही की झॅस्ट्रोंच्या फ्रीजरमध्ये हरणाचं मांस नव्हतं.

मग लागोपाठ तीन वर्षं काहीच नाही.

हरणं यायची. चाळीस पावलांवर यायची आणि थांबायची. मान वर करून थेट मचाणाकडे बघायची. पुढचा पाय जमिनीवर आपटायची, नाकातून जोरात फुंकायची आणि पांढरी शेपटी उभारून पसार व्हायची. एकदा नाही, प्रत्येक वेळी. वारा बरोबर, झाड तेच, माणूस तोच.

चौथ्या वर्षी नोव्हेंबर लागला तेव्हा त्याने मर्लिसला सांगून टाकलं, या हिवाळ्यात जमलं नाही तर धनुष्य चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत देऊन टाक. मचाणही काढून आणतो.

हे मला मर्लिसने सांगितलं, ऑरिनने नाही. "स्टॅश, तो शिकार सोडेल त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "मांस दुकानात मिळतं. पण तो झाडावरून उतरला की बसणार कुठे? त्या खुर्चीत? माझ्यासमोर? दिवसभर?" ती हसली, पण हसणं पुरतं झालं नाही.

मला कळलं ती काय म्हणतेय ते. चौतीस वर्षं त्या आवाजात उभ्या राहिलेल्या माणसाला ते झाड म्हणजे एकच शांत जागा होती. तिथून तो हरणांमुळे हाकलला जात होता, आणि का ते त्याला माहीत नव्हतं.

माझाही स्वभाव असा की मशीन का थांबलं ते कळल्याशिवाय जेवण जात नाही. मी शोधायला लागलो.

पहिला संशय साबणावर. काही साबणांनी कपड्यांना चमक येते, ती आपल्याला दिसत नाही पण हरणांना दिसते म्हणतात. गुत्त्यावर खोट्या नोटा ओळखायचा जांभळा दिवा असतो, तो मी मागून आणला आणि गॅरेज बंद करून ऑरिनच्या कपड्यांवर धरला.

"माझ्या साबणाचं नाव घेऊ नकोस हं, स्टॅश," मर्लिस दाराबाहेरून म्हणाली.

"घेत नाही. कपडे काळेकुट्ट आहेत. तुझा साबण सुटला."

"आणि तुझा शर्ट?"

"निळा पेटलाय." तिचं हसू गॅरेजच्या पत्र्यावर आदळलं.

दुसरा संशय मचाणावर. लोखंड जुनं झालं की थंडीत कुरकुरतं. मी पासष्टाव्या वर्षी वीस फूट चढलो, पट्टा बांधला आणि मचाणावर डावीकडे-उजवीकडे वजन टाकून बघितलं. एक आवाज नाही. प्रत्येक सांध्यात त्याने कारखान्यातल्या जुन्या रबरी पट्ट्याचा तुकडा घातला होता. वरून मला वाट, ओढा, सगळं दिसत होतं. मी खाली उतरलो तो रिकाम्या हातांनी.

मग मला सुचलं. हरीण जिथे थांबतं तिथे आपण बसून बघावं.

"म्हणजे तू हरीण होणार?" ऑरिन म्हणाला. त्याच्याशी मोठ्याने बोलावं लागायचं. सगळ्या जुन्या मशीनवाल्यांशी बोलावं लागतं, माझ्याशीही.

"होतो."

"अडीचशे पौंडांचं हरीण. गुडघे वाजणारं."

"सोड्याने आंघोळ करतो."

"दोनदा कर."

दोनदा केली. उजाडायच्या तासभर आधी तो झाडावर चढला आणि मी चाळीस पावलं दूर, आडव्या पडलेल्या खोडाआड पानांत बसलो. वारा आम्हा दोघांवरून नदीकडे जात होता. अंधार विरळ झाला. ओकच्या सालीत ऑरिन आहे हे मला माहीत होतं, तरी तो मला दिसत नव्हता.

मग मला आवाज ऐकू आला.

आधी वाटलं शेतकऱ्याचं दूध काढायचं यंत्र. सखल, एकसुरी घूं. पण गोठा दुसऱ्या बाजूला होता. मग वाटलं माझेच कान. माझ्या कानांत कायम काहीतरी वाजत असतं. मी तळव्यांनी कान झाकले. आवाज गेला. हात काढले. परत आला. मध्ये एक छोटा खंड पडायचा, श्वास घेण्याएवढा, आणि परत घूं.

तो सूर मी ओळखला. झोपेतही ओळखला असता. तो चार नंबरचा सूर होता.

आम्ही सगळे तो धरायचो. बोलता येत नाही, ऐकू येत नाही, अशा जागी माणूस तोंड मिटून मशीनबरोबर गुणगुणायला लागतो. तुमचा सूर मशीनशी जुळला की छातीत काहीच जाणवत नाही. मशीनचा वेग ढळला की दातांत ठोके पडायला लागतात. ऑरिनला काट्याच्या आधी कळायचं ते असं. आमच्यातले बाकीचे गेटाबाहेर आल्यावर थांबायचे. ऑरिनही थांबत असणार, जोवर त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता तोवर.

मी हे जुळवतोय तोवर टेकाडावरून मादी उतरली. ती चरत, कान सैल सोडून चालत होती. घूं चालूच होतं. त्या आवाजाचं तिला काही वाटत नव्हतं. तोही रानातलाच कुठलातरी आवाज. मग ती ओढा ओलांडून आली, ऑरिनला दिसली, आणि त्याने श्वास रोखला.

आवाज बंद झाला.

मादीने त्याच क्षणी मान वर केली. दोन्ही कान झाडाकडे. पाय आपटला. फुंकर. शेपटी वर. गेली.

हरणं आवाजाला भीत नव्हती. आवाज थांबला म्हणून भीत होती. मी खोडाआड बसून तोंडावर हात दाबून हसलो, आणि मग हसू बंद झालं, कारण हे त्याला सांगायचं माझ्याकडे आलं होतं.

स्वयंपाकघरात सांगितलं. तो टेबलाशी बसून बाणाचं पातं दगडावर घासत होता.

"मी? गुणगुणतो?"

"गुणगुणतोस."

"स्टॅश, तुझे कान गेलेत."

"माझे गेलेतच. तुझे माझ्याही पुढे गेलेत."

"डॉक्टरही तेच म्हणतो. त्याला कानाची यंत्रं विकायची आहेत."

"छातीवर हात ठेव," मी म्हणालो. "बेअरिंगवर ठेवायचास तसा. आणि पातं घासत राहा."

त्याने उगीच वाद नको म्हणून डावा तळवा छातीवर ठेवला आणि उजव्या हाताने घासायला लागला. पाच-सहा हात मारले असतील. मग उजवा हात थांबला. डावा तसाच राहिला. तो माझ्याकडे बघत होता, पण नजर बेअरिंगवर तळवा ठेवतानाची होती.

"चार नंबर," तो म्हणाला.

"चार नंबर."

मर्लिस चुलीपाशी होती. ती वळलीसुद्धा नाही. "चार-पाच वर्षं झाली, घरभर गुणगुणतोय. मला वाटलं तुला माहीत आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्यावरून मला कळतं तू घरात कुठे आहेस ते."

ऑरिनने आधी स्वतःच्या पद्धतीने उपाय केले. दातांत काडी धरली. काडी धरूनही गुणगुणता येतं. तळवा छातीवर ठेवून बसला, पण मग धनुष्याला एकच हात उरला. आठवडाभर असं करून एका सकाळी तो कुणाला न सांगता डॉक्टरकडे गेला. वाटाण्याएवढी दोन यंत्रं घेऊन आला.

डिसेंबरच्या मध्याला, बर्फ पडल्यावर, तो त्या झाडावर चढला. पुढचं त्याने मला सांगितलं ते त्याच्या मानाने फार लांब होतं. जॅकेटची बाही घासल्याचा आवाज येतो, हे त्याला माहीत नव्हतं. खार सालीवर चढते तेव्हा नखं वाजतात. स्वतःचा सूर सुरू झालेला ऐकला आणि सोडून दिला. असं सोळा वेळा झालं, त्याने मोजलं. त्यानंतर सुरू झाला नाही. आणि मादी दिसायच्या खूप आधी, बर्फाच्या पापुद्र्यावर तिची चार पावलं. चार आणि थांबणं. चार आणि थांबणं.

"वीस वर्षं मी डोळ्यांनी वाट बघत होतो, लेका," तो म्हणाला.

ती पंधरा पावलांवर आली. वर बघितलं नाही. तिचं डोकं खोडाआड गेलं तेव्हा त्याने धनुष्याची दोरी ओढली आणि ती बाहेर आल्यावर बाण सोडला. ती साठ पावलांपर्यंत पळाली आणि पडली. एक मांडी त्याने शेतकऱ्याकडे पोहोचवली. सॉसेजचे दोन वेढे माझ्याकडे आले.

धनुष्य चर्चच्या विक्रीत गेलं नाही. मचाण झाडावरच आहे.

मर्लिसची एकच तक्रार होती. ती यंत्रं घातल्यापासून घर मुकं झालं होतं.

"घरात आलास की काढून ठेवत जा," ती म्हणाली.

"मग तू बोलतेस ते ऐकू कसं येणार?"

"आजवर कधी ऐकलंस?"

त्यामुळे ती आता गॅरेजमध्ये असतात. प्लास्टिकचा वास जावा म्हणून डब्यात, ओकच्या पानांत, कपड्यांबरोबर. चार नंबरवर ऑरिनने अकरा वर्षं रविवारची जादा पाळी केली होती. तो पैसा त्याने वेगळा ठेवला होता, मासेमारीच्या ॲल्युमिनियमच्या होडीसाठी. होडी आली नाही. त्या पैशांतून हे दोन वाटाणे आले.